एमे पिरविस

परवा जेवताना माझ्या हातून एक चूक झाली. आमची थोरली यंदा बी.एस्सी. झाली. चांगली झाली, म्हणजे पेढे वाटताना मला कुठंही आवाज खाली घ्यावा लागला नाही. तर ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, “बाबा, मी एम.एस्सी.ला नागपूरला...” आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत, भरल्या वांग्याचं देठ ताटाच्या कडेला लावत, घरातल्या कर्त्या पुरुषाला शोभेल अशा आवाजात मी म्हणालो, “माझं मत विचारशील तर तू एम.कॉम. कर.”

धाकट्या चिरंजीवांना ठसका लागला. थोरली म्हणाली, “बाबा, मी इतकी वर्षं केमिस्ट्री शिकत होते.”

“तेच म्हणतो मी,” मी म्हणालो, “थोडा बदल पाहिजे.”

मी मागितली नव्हती ती भाकरी आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या ताटात टाकली. आमच्या घरी याचा अर्थ, तोंड दुसऱ्या कामाला लावा, असा होतो.

पण आता पोरं हसायला लागलीच होती, तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं, की पदव्यांच्या बाबतीत माझ्या डोक्यात जो गुंता आहे तो माझ्या घरचा नाही. तो मला एका माणसाकडून मिळाला आहे. आणि तो माणूस नसता तर त्यांची आई या घरात नसती, म्हणजे तेही नसते. हे ऐकल्यावर चिरंजीवांनी पाणी प्यायलं आणि सगळे नीट बसले.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता. इतका नवा की आमच्या शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तो अजून आलेला नव्हता. मी बी.ए. होऊन जळगाव जामोदच्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो होतो आणि तो माणूस, म्हणजे आमचे सर, त्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो. सर त्याच शाळेत होते. गावात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. पोस्टमन, न्हावी, भाजीवाल्या, सगळे त्यांना ‘पिरविस सर’ म्हणत. नवीन माणसाला वाटे, हे आडनाव असेल. राजस्थानाकडून आलेलं घराणं असावं.

त्याचं मूळ होतं दारावरच्या पाटीत. त्या काळी एम.ए.चे दोन भाग असत. पहिल्या वर्षाची परीक्षा ती प्रीव्हियस, दुसऱ्याची फायनल. दोन्ही झाल्या म्हणजे माणूस एम.ए. झाला. सरांनी मराठीची प्रीव्हियस केली होती. मग इतिहासाची केली. मग अर्थशास्त्राची, आणि मी राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी तत्त्वज्ञानाची. फायनल एकाही विषयाची नव्हती. पण लपवाछपवी हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. पाटीवर स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘एम.ए. प्रीव्हियस (मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान)’. तत्त्वज्ञान पाटीत मावलं नव्हतं म्हणून रंगाऱ्यानं ते चौकटीवर उतरवलं होतं.

गावाच्या तोंडी प्रीव्हियसचं पिरविस झालं आणि एकदा झाल्यावर ते सरांपुरतं थांबलं नाही. बाजारातल्या हाटेलवाल्यानं अर्ध्या कप चहालाच पिरविस नाव दिलं. “दोन पिरविस आण बे, एक बिनसाखरेचा,” अशी आरोळी मी स्वतः ऐकलेली आहे, आणि सर तिथंच बाकावर बसलेले असत. त्यांना राग येत नसे. ते म्हणत, “भाषा अशीच वाढते. उद्या मी फायनल केली तर यांची पंचाईत होईल.”

सर उंच होते, किंचित वाकलेले. कोटाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक काळं, आणि सही करायची वेळ आली की दोन्ही काढून बघत राहायचे. भेटेल त्याला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “तुमचा विषय कोणता?” तहसीलदारालाही हाच, एस.टी.च्या कंडक्टरलाही हाच. एकदा दारावर आलेल्या माळणीला त्यांनी विचारलं, “बाई, तुझा विषय कोणता?”

तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “वांगे न् मिरच्या.”

“दोन विषय,” सर खूश होऊन म्हणाले. “मुख्य कोणता?”

“तुमाले काय घ्याचं हाय ते सांगा नं, मास्तर.”

काय घ्यायचं ते सरांना कधीच सांगता येत नसे. सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आतून आल्या आणि मिरच्या घेऊन गेल्या.

घर खरं काकूंच्या आईचं होतं. काकूंना भाऊ नव्हता. म्हातारीला दिसत नसे, ती आतल्या खोलीत बाजेवर बसून असे आणि संध्याकाळ झाली की विचारी, “जवाई आले काय वं?” काकू म्हणत, “आले.” मग ती जेवी. काकू एकूण कमीच बोलत. नवरा चार विषयांत बोलतो म्हणून आपण कशाला, असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं असावं.

आता गंमत अशी, की या माणसाकडे अख्ख्या तालुक्यातली बी.ए., बी.कॉम. झालेली पोरं पुढं काय करावं ते विचारायला येत. आणि सर सांगत. अगदी छातीठोकपणे सांगत. त्यांची एक पद्धत होती. पोरगा आला की त्याच्यापुढं भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगांचं टोपलं सरकवायचं आणि स्वतः दुसरीकडं बघत बसायचं. जो एक शेंग फोडतो आणि खातो, दुसरी फोडतो आणि खातो, तो एम.ए.ला. जो आधी सगळ्या फोडून दाण्यांचा ढीग करतो आणि मग खातो, तो बी.टी.ला, म्हणजे मास्तरकीच्या परीक्षेला. त्याला पोर्शन वेळेवर संपवता येईल. आणि जो गप्पा मारता मारता सरांनी फोडलेले दाणे उचलतो, तो वकिलीला.

एकदा आसलगावचे दोन भाऊ एकाच संध्याकाळी आले. थोरला इतका भांडखोर की टोपलं आपल्या बाजूला का सरकवलं नाही यावरूनही बोलला. धाकटा नुसता बसून. सरांनी भांडखोराला बी.टी. सांगितली आणि मुक्याला एल.एल.बी. त्यांचा बाप चिडला. “मास्तर, उलटं तं नाई झालं?”

“नाही,” सर म्हणाले. “हा वर्गात गेला की पोरं आपोआप गप्प बसतील. आणि हा कोर्टात गप्प उभा राहिला, की जज्जाला वाटेल, याच्याकडे काहीतरी जबरदस्त आहे.”

दोघांचंही पुढं बरं चाललं. त्यामुळं सरांचं नाव आणखी झालं आणि लोकांचा गोंधळ आणखी वाढला.

माझ्यापुढंही त्यांनी टोपलं सरकवलं होतं. मी एक शेंग हातात घेतली, जराशी दाबली आणि विचारलं, “सर, खाऊ का?”

सरांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. “तुझं काही कळत नाही बुवा,” ते म्हणाले. “तू माझ्यासारखा आहेस.” मग काळजीच्या सुरात पुढं म्हणाले, “आपण असं करू, सध्या प्रीव्हियस करू.”

म्हणून मी मराठीची प्रीव्हियस केली. पास झालो. आणि तिथून खरा घोळ सुरू झाला.

घरून थोरल्या भावाचा निरोप आला, की एल.एल.बी. कर, बांधाचं भांडण घरच्या घरी लढता येईल. हेडमास्तर म्हणत, बी.टी. झाल्याशिवाय कायम करणार नाही. माझा एक मित्र अमरावतीला होता. तो सांगत होता, की तू फायनल करून ये, कॉलेजात जागा निघते आहे, प्राध्यापक होशील. प्राध्यापक हा शब्द ऐकला की मला माझाच आवाज वेगळा ऐकू यायचा. मी रोज सरांना विचारायचो आणि सर रोज सांगायचे. सोमवारी ते म्हणाले, “फायनल कर. अर्धवट माणूस वाईट.” मंगळवारी म्हणाले, “बी.टी. म्हणजे आपल्याला जे येतं ते दुसऱ्यालाही यायलाच पाहिजे अशी सक्ती. ते तुला जमेल.” बुधवारी एल.एल.बी.वर आले. तिच्यात दोन एल कशाला, यावर त्यांनी मला संध्याकाळभर ताटकळत ठेवलं आणि शेवटी म्हणाले, “एक हरवला तर दुसरा असावा म्हणून.” गुरुवारी बाजार होता.

त्याच सुमाराला माझ्यासाठी एक स्थळ आलं. गाव जवळचंच, सातपुड्याच्या पायथ्याशी. बागायती मळा, वांगी-मिरच्या, थोडी संत्र्याची झाडं, बाकी कपाशी. एकुलती एक मुलगी. मी आणि सर बघायला गेलो. तिचे वडील म्हणाले, “इचारा काय इचाराचं ते.” मला काहीच सुचेना. घशातून जे बाहेर पडलं ते सरांचं होतं. मी म्हणालो, “तुमचा विषय कोणता?”

ती मान वर न करता म्हणाली, “सातवीपर्यंत सगळेच होते.”

मी तिथंच गेलो. म्हणजे कामातून गेलो. परत येताना एस.टी.त मी सरांना ते वाक्य इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ते म्हणाले, “कळलं. हा तुझा विषय.”

(इथं पोरांनी आईकडं बघितलं. आई ताक घुसळत होती. तिला ताक घुसळताना काही ऐकू येत नाही असा तिचा दावा आहे.)

पुढच्या गुरुवारच्या बाजाराला मुलीचे वडील माझी चौकशी करायला आले. चौकशी करायची तर ती पिरविस सरांकडे, हे तालुक्यात ठरलेलंच होतं; शिवाय ते माझे घरमालक. माझी खोली आणि सरांची बैठक यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती आणि ती वर आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. मी या बाजूला पुस्तक उघडून बसलो. पुस्तक उलटं होतं की सुलटं, आठवत नाही.

“पोट्टा काय शिकेल हाय, मास्तर?”

“बी.ए. झाला. आता एम.ए. प्रीव्हियस.”

“म्हंजे तुमच्यासारखा?”

“माझ्यासारखा. माझे चार आहेत, त्याचा एक.”

“न् फुडं?”

मग सरांनी आवाज खाली आणला. ते समजावून सांगत होते आणि बराच वेळ सांगत होते. मला मधूनमधून नुसते शब्द येत होते. फायनल. अमरावती. बी.टी. एकदा काकूंचं नाव आल्यासारखं वाटलं. शेंगा फुटत होत्या. त्या कोण फोडत होतं आणि कोण खात होतं हे कळायला मार्ग नव्हता. मग एकदम त्या गृहस्थांचा आवाज मोठा झाला.

“नाई नाई. फायनल-बियनल मले कायले पाह्यजे? मले पिरविसच पाह्यजे. लेकीले मी पिरविसच पाहीन. तो पुरा-बिरा कराच्या भानगडीत नाई पडला पाह्यजे, सांगून ठेवतो.”

मग ते मला हाक मारून आम्हा दोघांना हाटेलात घेऊन गेले. बाकावर ऐसपैस बसले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि हाटेलवाल्याला म्हणाले, “तीन पिरविस सांग गड्या. साखर टाकून.” चहा पिऊन झाल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “हाय तसंच राहाजा.” आणि बैलगाडीत बसून निघून गेले.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मी जे समजलो ते असं. या भल्या माणसाला वाटलं, की नुसत्या एम.ए.पेक्षा एम.ए. प्रीव्हियस मोठं. साहजिक आहे. शब्द लांब आहे, इंग्रजी आहे, आणि नुसत्या पाटलापेक्षा पोलीसपाटील मोठा असतोच की. म्हणजे मी जर फायनल केली, तर माझ्या नावापुढचं ते लांबलचक प्रीव्हियस जाणार आणि उरणार नुसतं एम.ए. ते म्हणणार, “काऊन हो, होतं ते बी गेलं?” आणि स्थळ मोडणार. हसू नका. त्या दिवसांत माझी झोप गेली होती. फायनल केली तर अमरावती मिळते आणि मुलगी जाते. नाही केली तर मुलगी मिळते आणि प्राध्यापक जातो. जगात शिक्षण कमी पडलं म्हणून स्थळं मोडतात. शिक्षण पुरं होईल या भीतीनं घामाघूम झालेला मीच एक असेन.

मी सरांना म्हणालो, “त्यांना नीट समजावून सांगा ना. प्रीव्हियस म्हणजे निम्मं.”

सर म्हणाले, “मी माझ्या परीनं सांगितलं.”

“मग?”

“मग त्यांनी त्यांच्या परीनं ऐकलं.”

“मग मी फायनलला बसू की नको?”

“विषय चांगला आहे,” सर म्हणाले, “पण...” आणि दोन्ही पेनं काढून त्यांच्याकडे बघत राहिले.

हा ‘पण’ त्यांच्या प्रत्येक विषयाला असे. त्याच्या पुढं काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

सर स्वतः दर वर्षी फायनलला निघत. हे गावाला माहीत होतं. परीक्षेचं केंद्र अकोल्याला. एप्रिलचं ऊन. सर वळकटी बांधत, डोक्याला ओला रुमाल गुंडाळत आणि पहिल्या गाडीनं नांदुऱ्याला जात. तिथून रेल्वेनं अकोला. एस.टी. स्टँडवर लोक त्यांना सोडायला येत, न्हावीसुद्धा येई. आणि संध्याकाळच्या गाडीनं सर परत येत. कधी रेल्वे चुकलेली असे. कधी पेन विसरलेलं असे. एकदा तर नांदुऱ्याला पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं, की यंदाचा आपला विषय तत्त्वज्ञान, आणि आपण अभ्यास केला इतिहासाचा. परत येताना ते नांदुऱ्याच्या बाजारातून भाजी घेऊन येत, म्हणजे फेरी वाया जात नसे.

त्या वर्षी आम्ही दोघं निघालो. दोघांचीही मराठीची फायनल. मी शेवटपर्यंत काही ठरवलं नव्हतं. सर निघाले म्हणून मी निघालो. काकू दारात उभ्या होत्या. मी पाया पडलो तर म्हणाल्या, “पानी पेत राहाजा. ऊन लय हाय.” परीक्षेबद्दल अक्षर नाही.

गाडीत सर रंगात होते. पूर्णेच्या पुलावर त्यांनी मला मराठी गद्याचा सगळा इतिहास सांगितला आणि तो इतका सुंदर सांगितला की पुढच्या बाकावरचा कापसाचा व्यापारी मागं वळून बसला. त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस उद्या पेपरात असं लिहिणार आहे की तपासणारा उठून उभा राहील. मी मनात म्हटलं, ठरलं. आपणही बसायचं. मुलीच्या वडिलांना मी स्वतः जाऊन सांगेन की एम.ए. म्हणजे काय. माणूस ऐकेल. माणूसच आहे.

नांदुऱ्याला स्टेशनच्या बाहेरच एस.टी. थांबत असे. सर म्हणाले, “तू हो पुढं, जागा धर. मी पान घेऊन येतो.”

मी प्लॅटफॉर्मवर गेलो. गाडी आली. मी डब्यात चढलो, दोघांच्या जागेवर माझी वळकटी आडवी टाकली आणि खिडकीतून बघत बसलो. सर येईनात. स्टेशनच्या कठड्यापलीकडं जळगाव जामोदकडे परत जाणारी एस.टी. उभी होती. तिच्या खिडकीत मला ओला रुमाल गुंडाळलेलं एक डोकं दिसलं.

गार्डानं शिटी वाजवली. मी वळकटी उचलून खाली उतरलो. सरांना बोलवायला उतरलो, असं मी स्वतःला सांगितलं. गाडी हलली तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर होतो, आणि पळत जाऊन ती पकडता आली असती इतकी ती हळू चालली होती. हे मला चांगलं आठवतं. ती फार हळू चालली होती.

एस.टी.त सर खिडकीशी बसले होते. त्यांच्या शेजारच्या जागेवर त्यांचा हातरुमाल पसरलेला होता, जागा धरायला टाकतात तसा. एक बाई गाठोडं घेऊन तिथं बसू बघत होती आणि सर तिला सांगत होते, “इथं माणूस आहे, बाई. येतोच आहे.”

मी जाऊन उभा राहिलो. सरांनी रुमाल उचलला.

“सर, परीक्षा?”

“आहे ना,” ते म्हणाले. “दर वर्षी असते.”

“मग आपण हे काय करतोय?”

“ती वळकटी वर ठेव. खाली ठेवली तर कंडक्टर बोंबलतो.”

पुलावर मी पुन्हा विचारलं. सर बाहेर बघत होते. पूर्णेला पाणी फार नव्हतं. ते म्हणाले, “विषय चांगला आहे रे. पण...” आणि त्यांना झोप लागली. खरी की कशी, ते माहीत नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आतून म्हातारीचा आवाज आला, “जवाई आले काय वं?” काकू म्हणाल्या, “आले.” ओट्यावर पाण्याचा पितळी गुंड भरून ठेवलेला होता. आत पानं मांडलेली होती. मी माझ्या खोलीकडे वळलो तर काकूंनी हाक मारली.

“तिकडं कुठं? तुमची बी भाकर टाकली हाय.”

मी बघितलं. पानं खरंच मोजून मांडलेली होती, माझ्यासकट. मी सकाळी अकोल्याला परीक्षेला गेलेलो माणूस. संध्याकाळी माझी भाकरी या बाईनं कुणाच्या सांगण्यावरून टाकली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. ठेचा मात्र झणझणीत होता.

त्या उन्हाळ्यात लग्न झालं. सासरेबुवांनी मांडवात चारचौघांना माझी ओळख करून दिली, “आमचे जवाई. एमे पिरविस.” पुढं मी बी.टी. केली, कायम झालो आणि इथंच राहिलो. अमरावतीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तो पुढं बराच मोठा झाला म्हणतात. सर निवृत्त झाले आणि मग एका थंडीत गेले. त्याच्या आधी एकदा मी त्यांना स्पष्ट विचारलं होतं, “सर, तुम्ही फायनल का केली नाहीत?” ते म्हणाले, “कोणत्या विषयाची?” पाटी काकूंनी उतरवली नाही. अक्षरं उडाली, चौकटीवरचं तत्त्वज्ञान तेवढं शेवटपर्यंत टिकलं.

एवढं सांगून मी पोरांना म्हणालो, “तर अशा माणसाच्या हाताखाली मी तयार झालो. सल्ला देणारा तो, आणि मुलगी देणारे तुमचे आजोबा, ज्यांना निम्मं म्हणजे पुऱ्याहून मोठं वाटत होतं. माझ्या तोंडून एम.कॉम. निघालं तर त्यात नवल काय?” पोरं पोट धरून हसली. आजोबांच्या पिरविसची गोष्ट मी गेली कित्येक वर्षं सांगतो आहे, लग्नकार्यात तर ती मला मुद्दाम सांगायला लावतात, आणि दर वेळी ती रंगते. थोरली मात्र यावेळी जरा कमीच हसली आणि ताट उचलून आत गेली.

सकाळी मी अंगणात पेपर वाचत होतो. सौभाग्यवती समोर मेथी निवडायला बसल्या. मेथी निवडताना त्यांना सगळं ऐकू येतं आणि बोलताही येतं.

“काल माझ्या बाबांची लय मजा केली तुम्ही.”

“झालं ते सांगितलं.”

“हाटेलात तीन पिरविस कोणी सांगितले?”

“तुझ्या बाबांनी.”

“न् कप किती भरून आले?”

“निम्मे,” मी म्हणालो. आणि पेपर तसाच हातात राहिला.

ती काड्या बाजूला टाकत राहिली. “पुरा झालेला पोट्टा अमरावतीला जाते, मंग नागपूरला जाते, मंग सणाला येते. अर्धा राह्यला तर जवळ राह्यते. हे बाबांना तुमच्या सरांनीच सांगितलं, शेंगा खाता खाता. मी एकटीच होते नं त्यांना.” तिनं एक जुडी संपवली, दुसरी सोडली. “काकूंना तरी भाऊ कुठं होता?”

मला एकदम तो रुमाल दिसला, एस.टी.च्या बाकावर माझी जागा धरायला पसरलेला. मी विचारलं, “मग इतक्या वर्षांत तू मला हे सांगितलं काऊन नाही?”

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही फायनलला बसले असते. मंग तुमची गोष्ट चांगली जमली, म्हणून राहू दिलं.” ती मेथी भरलेलं सूप घेऊन उठली आणि दारात थांबली. “आता आत जा. पोरगी तुम्हाला कोणता विषय घेऊ म्हणून विचारतच नव्हती. नागपूरला जाऊ का, एवढंच विचारत होती. तिला हो म्हणा. अन् हे पाहा, तिला पिरविस ठेवू नका.”